नदीकाठावर इतिहासाला जागा आहे का?

पुण्यातल्या मुळा-मुठा नदीकाठ सुशोभीकरण प्रकल्पाच्या बातम्या मी इथे, अमेरिकेतल्या चॅटनूगा शहरात, नेमाने वाचते. ४४ किलोमीटरचा काठ, पात्र आवळलं जाण्याची भीती, बंडगार्डनजवळची झाडं. आणि समर्थकांचं ठरलेलं उत्तर: परदेशातले नदीकाठ बघा. असाच एक नदीकाठ मी रोज बघते, म्हणून लिहिते आहे.

टेनेसी नदीवरचं हे गाव ओतशाळांचं. १९६९ मध्ये केंद्र सरकारच्या अहवालात देशातली सर्वांत घाणेरडी हवा इथली ठरली. आधी कारखान्यांच्या धुराला आळा घातला गेला. भव्य मत्स्यालय उघडलं ते १९९२ मध्ये, आणि १८९१ चा वॉलनट स्ट्रीट पूल पादचाऱ्यांसाठी खुला झाला तो १९९३ मध्ये. पुण्यात मैलापाणी अजून थेट नदीत जातंय आणि काठाला फरशा बसताहेत. हा क्रम मला पटत नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट मला वेगळीच वाटते. मत्स्यालयाशेजारी पायऱ्यांवरून पाणी वाहतं, उन्हाळ्यात मुलं त्यात मनसोक्त डुंबतात. बाजूच्या भिंतीवर मातीच्या सात मोठ्या चकत्या आहेत, चेरोकी या इथल्या मूळनिवासी जमातीच्या कलावंतांनी घडवलेल्या. १८३८ मध्ये इथल्याच नदीच्या धक्क्यावरून चेरोकी लोकांना होड्यांत कोंबून पश्चिमेला हाकललं गेलं. गावाला चॅटनूगा हे नाव मिळालं तेही त्याच वर्षी.

वॉलनट स्ट्रीट पुलाच्या दक्षिण टोकाला एड जॉन्सनचं स्मारक आहे. बलात्काराच्या खोट्या आरोपावरून या कृष्णवर्णीय तरुणाला फाशीची शिक्षा झाली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली आणि त्याच रात्री, १९ मार्च १९०६ ला, जमावाने त्याला तुरुंगातून ओढून या पुलावर लटकावलं. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने शेरीफ (स्थानिक पोलीसप्रमुख) शिप आणि इतरांवर स्वतः खटला चालवला. त्या न्यायालयाने चालवलेला तो आजवरचा एकमेव फौजदारी खटला. पुतळ्यातला जॉन्सन पुलाकडे पाठ करून चालत निघालाय. सोबत त्याचे दोन वकील, नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स, तेही कृष्णवर्णीय. स्मारक व्हायला २०२१ उजाडलं. उशीर लाजिरवाणाच, पण आज सहलीला आलेलं कुटुंब तिथे थांबून वाचतं आणि मग पुलावर जातं. पर्यटन काही बुडालेलं नाही.

आपल्याकडे मात्र ‘जुनं कशाला उकरायचं’ म्हणतात. मुठेकाठी उकरायला काय कमी आहे? १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं. हजारो घरं गेली, पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पानशेत धरणाचं काम पुरं व्हायच्या आत पाणी का साठवलं, याचा जाब तेव्हा पुणेकरांनी विचारला होता. त्या दिवशी पाणी कुठवर चढलं होतं, हे नव्या काठावर ठळक रेघ मारून दाखवलं, तर पात्र आवळायचं की नाही हा वादही जमिनीवर येईल. आज तो निव्वळ आकडेमोडीत अडकलाय.

ज्यांनी तो पूर डोळ्यांनी पाहिला ते आता सत्तरीपुढचे आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवून घ्यायचं काम प्रकल्पाच्या खर्चात धरा, आणि ते आधी सुरू करा. फरशा नंतरही बसवता येतील.