कबूतर काढा, नंबर येईल

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका ड्रॉइंग क्लासचा मेसेज. लिदित्सेच्या इंटरनॅशनल स्पर्धेला चित्रं पाठवतोय, सर्टिफिकेटची उत्तम संधी, 'विश्वशांती'ची चित्रं क्लासमध्ये बसवून घेतली जातील. बसवून! गॅदरिंगचा डान्स आहे का? आणि खाली नुसते अंगठेच अंगठे.

लिदित्से म्हणजे काय हे एकानेही विचारलं नाही. प्रागजवळचं छोटंसं गाव. हायड्रिख या नाझी अधिकाऱ्याला मारलं गेलं त्याचा सूड म्हणून जून १९४२ मध्ये नाझींनी हे गाव पुसून टाकलं. १७३ पुरुष एका दिवसात गोळ्या घालून मारले, बायका छळछावणीत पाठवल्या आणि ८२ मुलं विषारी वायूने संपवली. त्या मुलांसाठी १९६७ पासून हे चित्रप्रदर्शन भरतं, जगभरातली पोरं चित्रं पाठवतात, आपली पण. तिथे त्या ८२ जणांचे ब्राँझचे पुतळे आहेत. आणि आपण पाठवणार काय, तर सरांनी सुधारलेलं कबूतर.

माझ्या भाचीचं असंच झालं. तिने गच्चीवर पापड वाळत घालणारी आजी काढलेली, बाजूला काठी घेऊन ती स्वतः आणि आजीपेक्षा मोठा कावळा. मी तर बघून खूप हसलो. सर म्हणाले प्रपोर्शन चुकलंय, आणि पापड तिकडच्या लोकांना कळणार नाहीत. मग आजी गेली, कावळा गेला, पृथ्वीचा गोल आला, भोवती हात धरलेली पोरं, आणि वर पांढरं कबूतर, ज्याचे पंख सरांनीच काढले कारण तिला जमेनात.

अहो पापड कळणार नाहीत म्हणूनच तर पाठवायचे ना! तिकडचं एखादं पोर चित्रासमोर थांबेल, आईला विचारेल की हे गोल गोल काय पसरलंय आणि तो पक्षी एवढा मोठा का, आणि एवढ्यानेच भारतात अशी एक गच्ची आहे हे त्याच्या डोक्यात राहील. मला विचाराल तर आंतरराष्ट्रीय सामंजस्य म्हणजे एवढंच, बाकी सगळी भाषणं. पृथ्वीच्या गोलाकडे बघून कोण काय विचारणार?

सरांचं पोट त्यावर आहे, मान्य. पालकच मेडल मागतात, तेही मान्य. पण नऊ वर्षांच्या पोरीला आपलं चित्र कुठे जातंय, कोणासाठी जातंय हे कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला जास्त वाईट वाटलं. शेवटी मीच सांगितलं, जेवढं त्या वयाला झेपेल तेवढं. ती म्हणाली, मग त्यांना कावळा आवडला असता.

आता कमेंटमध्ये सर्टिफिकेटचे फायदे सांगायला येणारच कोणीतरी. तर बाबांनो, चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आहे की त्यासाठी, दहावीला मार्क पण मिळतात. तिथे सरांकडून हवं ते बसवून घ्या.