एका स्क्रूचे काम

लॅपटॉपचे वायफाय दर दहा मिनिटांनी मान टाकू लागले, तेव्हा एका जाणकार मित्राने फोनवरच निदान केले, की कार्ड गेले आहे. जुने काढायचे, नवे बसवायचे, एका स्क्रूचे काम. तो खोटे बोलला नाही. कार्ड खरोखरच एका स्क्रूवर टिकलेले असते. मात्र त्याचे दर्शन घेण्यापूर्वी इतर अकरा स्क्रूंची मनधरणी करावी लागते, हे त्याने सांगितले नाही.

त्यांतले नऊ दिसत होते. ते काढूनही खालचे झाकण हलेना म्हणून मी जोर लावला आणि कडकन आवाज आल्यावर थांबलो. उरलेले दोघे रबरी पायांखाली दडून बसले होते. पुढे मुदत संपलेले बँकेचे कार्ड फटीत सरकवून झाकणाच्या कडेच्या खिट्ट्या एकेक सोडवल्या. त्या कार्डाचा इतका उपयोग मुदतीतही झाला नव्हता.

आत प्रथम बॅटरीची जोडणी सोडवायची, आणि अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून धातूला हात लावायचा. मी दर पाच मिनिटांनी उठून नळाला हात लावून येतो आहे, हे पाहून घरच्यांनी एकमेकांकडे पाहिले.

कार्ड जेमतेम 22 मिलिमीटर रुंद आणि 30 मिलिमीटर लांब. त्यावर एक काळी आणि एक पांढरी, अशा दोन अँटेनाच्या तारा; त्या बिजागरीतून पडद्याच्या कडेपर्यंत जातात. तारांच्या टोकांना मोहरीएवढी टोपणे असतात आणि ती सरळ वरच उचलावी लागतात, कारण तिरकी ओढली तर तुटतात. श्वास रोखून, नखाने, दोन्ही उचलली. मग तो सुप्रसिद्ध स्क्रू फिरवला. तो सुटताच कार्ड आपणहून तिरके उभे राहिले, जणू इतका वेळ कोण खुडबुड करतो आहे ते पाहायला, आणि मी दचकल्यामुळे स्क्रू हातातून निसटला.

पुढचा अर्धा तास मी टॉर्च घेऊन पलंगाखाली होतो. स्क्रू लॅपटॉपमध्येच, स्पीकरच्या चुंबकाला बिलगून बसला होता.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. "झालं ना? म्हटलं होतं, एका स्क्रूचं काम!"

"हो," मी म्हणालो, "त्या एकाचंच."