एक स्टार दिलात, त्यावर आमचं उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू पूर्ण वाचला. ऐन आंब्याच्या सीझनमध्ये पुण्याच्या अकाउंटंटला डेटाबेसचा ॲक्सेस हवा होता, आधीचा माणूस घरबसल्या पाच मिनिटांत करून द्यायचा, आम्ही मात्र कणकवलीवरून मुलगा पाठवला आणि त्यात दुसरा दिवस गेला, असं तुमचं म्हणणं. वाशी मार्केटच्या पट्ट्या (विक्रीचे हिशोब) जुळवायच्या राहिल्या की काय होतं ते आम्हाला माहितीये, राग येणारच. पण लांबून का केलं नाही ते इथेच लिहितो, कारण देवगड-मालवणचे बरेच बागायतदार आणि होमस्टेवाले आम्हाला हेच विचारतात.

आधी एक काम करा, रिव्ह्यूला जो स्क्रीनशॉट लावलाय तो काढा, त्यात सर्व्हरचा पत्ता दिसतोय.

तुमचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर चालतं. कोणी कुठून आत यायचं ते पीजी_एचबीए.कॉन्फ नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतं. पाच मिनिटांत काम व्हायचं कारण त्यात एक ओळ होती, होस्ट ऑल ऑल ०.०.०.०/० ट्रस्ट. म्हणजे जगात कुठूनही, कुठल्याही युजरच्या नावाने, पासवर्ड न विचारता आत. ही फाईल वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ पहिली जुळते तीच लागू होते, त्यामुळे तिच्या खाली कितीही कडक नियम लिहिले तरी उपयोग शून्य. ती ओळ आता काढली आहे म्हणूनच उघड लिहितोय. एक स्टार तसाच ठेवलात तरी ती परत टाकणार नाही.

दुसरं म्हणजे ही फाईल डेटाबेसमधूनच लांबून एडिट करायची सोय. पोस्टग्रेस सांभाळायच्या पीजीॲडमिन ३ या जुन्या टूलच्या काळात ॲडमिनपॅक नावाची जोडणी टाकून ते व्हायचं, २०२४ मध्ये पोस्टग्रेस १७ आलं त्यात ॲडमिनपॅक काढूनच टाकलं, पण जुन्या सर्व्हरवर अजून सापडतं, तुमच्याकडेही होतं. त्यासाठी सुपरयुजरचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचं, लॉगिन बाहेरून चालू ठेवावं लागतं आणि तो पासवर्ड ज्याच्या हाती लागेल तो स्वतःसाठी ओळ टाकणार, तुमची उडवणार, वर सुपरयुजरला कॉपी कमांडमधून मशीनवरचे प्रोग्रामसुद्धा चालवता येतात, मग फक्त पेट्यांच्या हिशोबावर थांबत नाही.

आणि आपल्याकडची लाईट! फाईलमध्ये एक अक्षर चुकवून रीलोड केलं, म्हणजे ती परत वाचायला लावली, तर पोस्टग्रेस लॉगमध्ये एरर टाकतं आणि जुनेच नियम चालू ठेवतं, वरवर सगळं ठीक दिसतं. मग मे महिन्यात संध्याकाळी वळीव कोसळतो, लाईट जाते, इन्व्हर्टर उतरतो, मशीन परत चालू केलं की ती चुकीची फाईल बघून पोस्टग्रेस उठतच नाही, आणि ज्या डेटाबेसमधून फाईल दुरुस्त करायची तोच बंद. गाडी भरायला उभी आणि बिलं निघत नाहीत. म्हणून आमचा मुलगा मशीनसमोर बसला, जुन्या फाईलची कॉपी ठेवली, फाईलमधल्या चुका दाखवणाऱ्या पीजी_एचबीए_फाईल_रूल्स या तक्त्यात एररचा कॉलम रिकामा आहे ना ते बघितलं, मगच रीलोड केलं, आणि स्वतःचं सेशन चालू ठेवून दुसऱ्या लॅपटॉपवरून लॉगिन होतंय का ते तपासलं.

तुम्ही लिहिलंय की नुसता पुण्याचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) फाईलमध्ये टाकायचा होता. अकाउंटंट मोबाईल हॉटस्पॉटवर बसतात, तो आयपी बदलत राहतो आणि मोबाईल कंपन्या एकच पब्लिक आयपी पुष्कळ ग्राहकांना मिळून देतात. म्हणून वायरगार्ड हे व्हीपीएन बसवलं (ज्याच्याकडे की आहे तोच आत येतो), पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट इंटरनेटवरून बंद केला, पासवर्ड स्क्रॅम या जास्त सुरक्षित पद्धतीवर नेला आणि त्यांना फक्त बघण्यापुरतं लॉगिन दिलं.

त्यांना एन्ट्रीपण करायची असेल तर तुम्ही स्वतः फोन करा, वेगळा युजर देतो, व्हॉट्सॲपच्या मेसेजवर आम्ही नवीन ॲक्सेस देत नाही. आणि त्यांचा लॅपटॉप बदलला तर लगेच कळवा, वायरगार्डची जुनी की बंद करून नवीन द्यावी लागेल.