सापडलेला फोन आणि छापलेलं नाव

काल जळगावच्या गोलाणी मार्केटात मित्राच्या मोबाईलच्या दुकानावर बसलो होतो. एक पोरगा आला. "भाऊ, भुसावळ गाडीत सापडला, लॉक तोडून द्या ना." मित्रानं फोन चार्जिंगला लावला आणि म्हणाला, "थांब, घरून कोणाचा तरी कॉल येईलच." पोरगा थांबला नाही. अर्ध्या तासात स्क्रीनवर 'मम्मी' झळकलं.

मला २०१० आठवलं. कॅलिफोर्नियातल्या एका बिअर बारमध्ये ॲपलचा तरुण इंजिनियर स्वतःच्या वाढदिवशी बाजारात न आलेला आयफोन ४ विसरून गेला. ज्याच्या हाती लागला त्यानं तो गिझमोडो या टेक-बातम्यांच्या वेबसाइटला विकला, पाच हजार डॉलरला. त्यांनी खोलून फोटो छापले आणि जगभर बोंब झाली. चारच दिवसांत त्यांच्या संपादकाच्या घराचं दार तोडून पोलिसांनी कॉम्प्युटर उचलून नेले.

आमच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडले. एक म्हणतो पत्रकारितेवर हल्ला, दुसरा म्हणतो चोरीचा माल घेतला तर पोलीस येणारच. मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत, म्हणून तर भांडण मिटत नाही. मालक कोण हे कळू शकत असताना सापडलेली वस्तू खिशात घालणं तिथल्या कायद्यानं चोरी. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेच्या ३१४ कलमात हा गुन्हाच आहे, फक्त नाव चोरी नाही, अपहार. पण पत्रकाराचं न छापलेलं साहित्य वॉरंट काढून उचलायला तिथल्याच कायद्यात मनाई आहे. शेवटी ते वॉरंट मागे घ्यावं लागलं. गिझमोडोवर खटला झालाच नाही. विकणाऱ्याला आणि त्याच्या एका साथीदाराला तुरुंगाऐवजी एक वर्षाचं प्रोबेशन, ४० तास समाजसेवा आणि ॲपलला २५० डॉलर भरपाई, एवढ्यावर भागलं.

आपल्याकडे असं संरक्षण कुठंय? प्रेस कौन्सिल कायद्यात सूत्राचं नाव सांगायची सक्ती नाही, पण ही सूट फक्त कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरती. पोलीस पत्रकाराचा लॅपटॉप घेऊन जातात त्यासाठी नियम करा, असं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला सरकारला सांगावं लागलं. तालुक्याच्या वार्ताहराचं तर बोलूच नका. त्याच्याकडे फोन एकच, सूत्रांचे नंबर त्यातच आणि बायकोचे फोटोही त्यातच.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते निराळंच. गिझमोडोनं त्या इंजिनियरचं नाव फोटोसकट छापलं. का? नव्या फोनला पुढेही कॅमेरा आहे हे वाचकाला कळलं, ठीक. कोण विसरला हे कळून कोणाचं काय भलं झालं? एखाद्या कंपनीनं पाण्यात विष सोडलं आणि तिथल्या कामगारानं कागद आणून दिला, तर मी तो डोळे झाकून छापीन. इथं तर एक पोरगं वाढदिवसाला बिअर पिऊन फोन विसरलं, बस्स.

संध्याकाळी त्या मम्मी स्वतःच भुसावळहून आल्या, पिशवीत डझनभर केळी. "कोणी चोरला होता हो?" मित्र त्या पोराला चांगला ओळखतो, दोन गल्ल्या सोडून राहतो. तो म्हणाला, "गाडीत सापडला ताई, कोणीतरी आणून दिला." आणि केळी माझ्याकडे सरकवली.