घराच्या माळ्यावरील कामाबद्दल आपण नोंदवलेल्या तक्रारीस उत्तर

महोदया, सस्नेह नमस्कार.

शिवाजी पेठेतील आपल्या घराचा माळा आम्ही काम केल्यावरही दुपारी पूर्वीइतकाच तापतो, टर्बो व्हेंटिलेटरमधून (छपरावरचा, वाऱ्याने फिरून आतली हवा बाहेर काढणारा पंखा) पाणी ठिबकते आणि त्यावर आम्ही रॉकवूलचा (उष्णता अडवणारा दगडी तंतूंचा थर) जादा खर्च सुचवतो, असे आपण लिहिले आहे. पहिल्या मुद्द्यात दोष पूर्णपणे आमचा आहे. पत्र्याखाली लावलेल्या एअर बबल शीटची (हवेचे फुगे असलेली, उष्णतारोधक शीट) चकचकीत बाजू आणि पत्रा यांच्यामध्ये इंचभर तरी मोकळी जागा राहिली, तरच ती पत्र्याची धग परतवते. आमच्या कामगारांनी मधल्या रिपा (लाकडी पट्ट्या) न ठोकता शीट थेट पत्र्याला भिडवली आणि मी माळ्यावर न चढताच बिल केले.

ठिबकणारे पाणी मात्र गळतीचे नाही. मी पाहणीस आलो, त्याच्या आदल्या रात्री पाऊस नव्हता, तरीही टर्बोच्या गळ्याला आणि त्यापासून दूर, शीट न लावलेल्या पट्ट्यातही पत्र्याला घाम फुटला होता. उदबत्ती धरल्यावर धूर वळचणीपाशी हलेना, माळ्याच्या तळाच्या फळ्यांच्या फटींपाशी मात्र वर ओढला जाऊ लागला. म्हणजे टर्बो बाहेरची हवा न घेता आपल्या स्वयंपाकघरातली वाफ खेचत होते. पूर्वी मंगलोरी कौलांच्या फटींतून हवा आपोआप खेळत असे. पत्रे घालताना माकडे-पारव्यांच्या भीतीने वळचण बंद केली जाते (कोल्हापुरात बहुतेक ठिकाणी हेच दिसते), आणि ती उघडायला आम्ही सांगायला हवे होते.

६०० चौरस फुटांच्या माळ्याला, १५० चौरस फुटांमागे एक चौरस फूट या प्रचलित प्रमाणाने, हवेला एकूण ४ चौरस फूट मोकळी वाट लागते, निम्मी खाली वळचणीपाशी आणि निम्मी वर छपरात. दोन फूट व्यासाच्या एकाच टर्बोचे तोंड ३ चौरस फुटांहून मोठे असते. दुसरा आपल्याला विकायलाच नको होता. त्याची रक्कम परत करतो.

वळचणीच्या जाळ्या आणि रिपा ही कामे आतून होतात, ती याच आठवड्यात विनामूल्य करू. जादा टर्बो काढून तिथला पत्रा बदलण्याचे काम पावसाळा संपल्यावरच करू. तोवर त्याचे तोंड आतून फळीने बंद ठेवू. रॉकवूल ओले झाले की निकामी ठरते, त्यामुळे तूर्त ते घेऊच नये. पुढचा एक उन्हाळा काढून मग ठरवावे. आषाढात बाहेरची हवाच दमट असल्याने जाळ्या बसवल्यावरही एखाद्या पहाटे पत्र्याला थोडा घाम दिसेल, हे आताच सांगून ठेवतो.