जग बदलायचंय, पण १५० कॅरॅक्टरमध्ये

‘मुलगा अमेरिकेला अर्ज करतोय’ असं कधी म्हणू नका. ‘आम्ही करतोय’ म्हणा. दहावीलाही आपणच बसलो होतो, सवय आहे.

आणि ते जेईईचं खूळ आधी डोक्यातून काढा. तिथे म्हणे पेपर असतो, मार्क पडतात, रँक लागते, आणि नंबर हुकला तर का हुकला हे शेजारच्यांनाही कळतं. किती हा रूक्षपणा! अमेरिकेत ‘होलिस्टिक रिव्ह्यू’ असतो. तुमचं पोर माणूस म्हणून कसं आहे ते पाहतात. इथे रँक गेली तर गणित कच्चं असतं. तिथून नकार आला की माणूसच कच्चा निघतो. (सॅट या तिथल्या प्रवेशपरीक्षेचं विचाराल, तर करोनात ती ऐच्छिक करणाऱ्या एमआयटीनं, म्हणजे अमेरिकेतल्या, पुण्यातल्या नव्हे, २०२२ साली पुन्हा सक्तीची केली, कॅलटेकनं २०२४ मध्ये. बर्कलेत मात्र स्कोअर दाखवला तरी बघत नाहीत. तेव्हा ती द्यावी, उत्तम द्यावी आणि त्याबद्दल गप्प बसावं. १६०० पैकी १५५० वाल्यांची तिथे रांग लागलेली असते.)

माणूस घडवायला अकरावीची दिवाळीची सुट्टी पुरते. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, उपक्रमांसाठी १० रकाने, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० कॅरॅक्टर, मधल्या मोकळ्या जागाही धरून. एकही रकाना रिकामा ठेवू नका. पहिला एनजीओचा. आमच्या सोसायटीत यंदा सहा संस्थापक झाले, सभासद व्हायला कुणी मिळेना. दुसरा ॲपचा, आणि ॲप शेतकऱ्यांसाठीच हवं. पोराला ज्वारी आणि बाजरीतला फरक भाकरी झाल्यावरही कळत नसला तरी बिघडत नाही. वापरणारे चार असले तरी पुरे: आजी, आजोबा, मामा आणि एक खरा शेतकरी, ज्यानं ते मामाच्या आग्रहाखातर उतरवून घेतलं आणि संध्याकाळी काढून टाकलं. बाकीचे आठ रकाने समुपदेशक भरून देतो. त्याची फी ऐकून बसायला खुर्ची लागते, ती त्याच्या ऑफिसात असते.

खरी अडचण निबंधाची. ६५० शब्द, आणि त्यात ‘तू कोण आहेस’ ते सांगायचं. सुखवस्तू घरातल्या पोरापाशी सांगण्यासारखं दुःख नसतं, आणि दुःखाशिवाय निबंध उभा राहत नाही. आजोबा वारलेले असतील तर सोय होते. ते ठणठणीत असतील तर सोप्यावर बसून, चष्म्यावरून सगळ्यांकडे संशयानं बघत असतात. मग एखादी हरलेली रोबोटिक्स स्पर्धा शोधा आणि तिच्यातून पोर काय शिकलं ते लिहा. लिहा म्हणजे तिसऱ्या शिकवणीवाल्याकडून नवव्यांदा लिहून घ्या, आणि शेवटी सगळ्यांना एकच तंबी द्या: निबंध अगदी सहज, मनापासून लिहिल्यासारखा वाटला पाहिजे.

शिफारसपत्रं एमआयटीला दोन लागतात. एक गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं, दुसरं भाषा किंवा मानव्यविद्येच्या. आपल्या बारावी सायन्सवाल्यानं मार्क सुटतात म्हणून मराठी टाकून आयटी घेतलेलं असतं, आणि इंटिग्रेटेड कॉलेजमुळे वर्गाचं दारही पाहिलेलं नसतं. उरतात इंग्रजीचे सर, जे तोंडी परीक्षेला दोन मिनिटं भेटले होते. ‘या विद्यार्थ्याचं बौद्धिक कुतूहल मी जवळून अनुभवलं आहे,’ असं त्यांनी लिहायचंय. सर भले असतात. म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’

आता पैसे. एमआयटीचा वर्षाचा एकूण खर्च ८५ हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे पाऊण कोटीच्या घरात. तिथे आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसारख्या मोजक्या ठिकाणी प्रवेश ठरवताना परदेशी पोराची ऐपत बघत नाहीत, आणि घेतलं तर गरजेपुरती मदतही देतात. फक्त एमआयटी सगळ्या जगातून मिळून दीडशेच्या आसपास परदेशी मुलं घेते. एवढं सोडलं तर काही अट नाही. स्टॅनफर्डमध्ये परदेशी मुलानं मदत मागितली तर ती गोष्ट निवडीच्या वेळी विचारात घेतात. कार्नेगी मेलन परदेशी मुलांना पदवीसाठी मदतच देत नाही, सरळ मामला. मदत मागणार असाल तर सीएसएस प्रोफाइल नावाचा घरच्या ऐपतीचा फॉर्म भरा. त्यात घर, ठेवी, इतर मालमत्ता सगळं लिहायचं असतं. सातबाऱ्यावर अकरा नावं असलेल्या दीड एकरातला आपला वाटा किती डॉलरचा, हे एकदा भावकीला विचारून बघा. पुढची तीन वर्षं कुणी घरी जेवायला येणार नाही, तेवढीच बचत.

निकाल एमआयटी पाय दिनाला, १४ मार्चला लावते (पाय म्हणजे गणितातला π, ३.१४). वेळही गणिती असते: संध्याकाळी ६.२८, म्हणजे दोन पाय. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेची पहाट, ३ वाजून ५८ मिनिटं. काकडआरतीची वेळ. आई देवापाशी, बाबा वायफायपाशी, आणि पोर म्हणतं, ‘तुम्ही झोपा ना.’

समजा, जमलंच. मग मुंबईत बीकेसीला व्हिसाची खिडकी. अमेरिकेच्या कायद्यातलं २१४(बी) कलम असं धरून चालतं की समोरचा प्रत्येक जण कायमचा राहायलाच निघालाय, तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. डिसेंबरात ज्या पोरानं ‘मला तुमच्या कॅम्पसचा अविभाज्य भाग व्हायचंय’ लिहिलं, त्यानं जूनमध्ये काचेपलीकडे सांगायचं की मी शिकेन आणि लगेच आईकडे परत येईन. दोन्ही वेळा डोळ्यांत तेवढीच सच्चाई हवी. पदवीनंतर इंजिनिअरला तिथे तीन वर्षं काम करायची मुभा मिळते, हे आपल्याला ठाऊक असतं, साहेबालाही असतं. विषय कुणी काढायचा नसतो.

हे सगळं चालू असताना गुपचूप सीईटीचा फॉर्मही भरून ठेवा. पोराला कळलं तर चिडेल, समुपदेशकाला कळलं तर ‘आत्मविश्वास कमी पडतोय’ म्हणेल. आजोबांना सांगायला हरकत नाही. ते तसेही निबंधातून वाचलेत, आणि सीओईपीचा कटऑफ त्यांना तोंडपाठ आहे.