डब्यावरचे ग्रेन दारूचे नव्हेत

भाचा एनसीसीत आहे. फायरिंगच्या आदल्या रात्री त्याने मला एक फॉरवर्ड पाठवलं, 'मामा, हे खरं का?' घरच्याच ग्रुपवर कुणा काकांनी टाकलेलं: काडतुसाच्या डब्यावरचे ग्रेन (वजनाचं एक छोटं माप) म्हणजे आतली दारू, ग्रेन जास्त तितकी ताकद जास्त, आणि दारू चिमूटभर वाढवली की गोळी दुप्पट लांब.

पहिलं सरळ चूक. डब्यावर असतं ते गोळीचं वजन. ७,००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे ५५ ग्रेनची गोळी जेमतेम साडेतीन ग्रॅम.

दुसरं अर्धं खरं, मान्य. एकाच मापाच्या गोळ्यांत जड गोळी लांबवर वेग टिकवते, वाऱ्याने कमी ढळते. पण ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. पॉइंट ४५ पिस्तुलाची गोळी २३० ग्रेनची, वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर. ५.५६ मिलिमीटर रायफलची ५५ ग्रेनची, पण वेग हजाराच्या जवळ. चौपट हलकी गोळी तिपटीहून जास्त ऊर्जा घेऊन जाते.

आता ती चिमूट. हे लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं, तुझी बोटं मोजून आहेत ना? रायफलची धूररहित दारू दाब वाढला की आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. वेग थोडाच वाढतो, दाब मात्र भसकन चढतो. अमेरिकेतली सामी ही संस्था काडतुसांच्या दाबाची मर्यादा ठरवते. पॉइंट २२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाला ती ५५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे. गाडीच्या टायरमध्ये आपण ३२ भरतो! त्यापुढे फार गेलं की काडतुसाची पुंगळी फुटू शकते, आणि नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टमागे असतो तुमचा गाल. शिवाय जड गोळी नळीत सावकाश सरकते, दाब साठतो, म्हणून त्याच काडतुसात तिच्यामागे सहसा दारू कमीच घालतात. फॉरवर्डचं गणितच उलटं.

हा गैरसमज बहुधा कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीतून आला असावा. तिथे काळी दारू मापट्याने ओततात आणि थोडं उन्नीस-बीस खपतं. तिच्यात रायफलची दारू घालून पाहिली, तर नळीच फाटते.

गोळी नळीबाहेर पडल्यावर वेग धरते, असंही फॉरवर्डच्या शेवटी होतं. नाही धरत. बाहेर फक्त हवा अडवायला असते.

भाच्याला एवढंच कळवलं: काडतूस मिळेल तसंच भर, आणि ग्रुपवरच्या काकांचं ऐकू नकोस.